सेवकपणाचा हिशेब : मुंबई उपनगरांतील धर्मसेवकांना खुले पत्र

मुंबई उपनगरांतील सर्व आदरणीय धर्मगुरू, पाळक, चर्च समित्यांचे पदाधिकारी आणि सेमिनरीत शिकणारे भावी सेवक यांस,



उपासना चालवणे, संस्कार देणे, वचन शिकवणे आणि दुःखात असलेल्या माणसाजवळ जाऊन बसणे, या सर्व कामांना मिळून ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांत हे कार्य आज साधनांच्या बाबतीत पूर्वी कधी नव्हते इतके संपन्न आहे. आणि नेमके याच काळात त्याच्या मुळाशी असलेली नम्रता व उद्देशाची जाणीव क्षीण होत चालली आहे, अशी खंत मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदसमुदायातल्या, पुष्कळ माणसांच्या मनात आहे. ही खंत उपासनेनंतर चर्चच्या आवारात हलक्या आवाजात बोलली जाते आणि तिथेच विरते. ती आपल्यासमोर उघडपणे यावी म्हणून हे पत्र लिहिले आहे. कोणत्याही एका चर्चवर किंवा व्यक्तीवर आरोप करणे हा त्याचा हेतू नाही, आणि जे धर्मसेवक मध्यरात्री फोन आल्यावर रुग्णालयात धावतात व दुसऱ्या दिवशी पहाटे वेदीपाशी उभे राहतात, त्यांच्याविषयीची कृतज्ञता या पत्रातील प्रत्येक तक्रारीच्या आधी आहे.

नम्रता हा शब्द येथे स्वभावविशेषाच्या अर्थाने वापरलेला नाही. मृदू बोलणारा, प्रत्येकाची विचारपूस करणारा धर्मगुरूदेखील सर्व निर्णय स्वतःच्या हाती ठेवू शकतो, आणि बोलण्यात रोखठोक असलेला पाळक आपला कारभार मंडळीसमोर पूर्णपणे उघडा ठेवू शकतो. या दोघांपैकी दुसराच अधिक नम्र मानला पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा तो त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या नोकराकडे असलेले काम अंगावर घेतो, आणि पेत्राचा विरोधही त्याच कारणाने होतो, कारण गुरू खाली बसला तर शिष्यांच्या मनातली पायऱ्यांची सारी रचनाच कोसळते हे पेत्राला कळलेले असते. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, उपनगरांतल्या कॅथलिक चर्चांमध्ये हा विधी श्रद्धेने होतो. मंडळीची मागणी एवढीच आहे की त्या विधीत जे दिसते ते वर्षभराच्या कारभारातही दिसावे, म्हणजे नम्रतेला व्यवस्थेत जागा मिळावी, कारण व्यवस्थेत नसलेली नम्रता एका धर्मगुरूच्या बदलीबरोबर निघून जाते.

या मागणीला उपनगरांच्या इतिहासाचा आधार आहे. साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे ज्यावर वसली ते बेट, 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले आणि पुढील दोन शतके येथील चर्च राजसत्तेच्या छायेत वाढले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कन संन्याशांनी शैव मंदिराचे रूपांतर प्रार्थनामंदिरात केले आणि वरच्या टेकडीवर भव्य मठ बांधला. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर आपले स्थान उभे करणे ही सत्तेची रीत होती, सेवकाची नव्हती, आणि हे आज ख्रिस्ती माणसाने स्वतःहून म्हटले पाहिजे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने वसई व साष्टीतील पोर्तुगीज सत्ता संपली, युरोपीय धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले, आणि तरीही मरोळ, आंबोली, कुर्ला, मनोरी, गोराई येथील शेतकरी व कोळी कुटुंबांची श्रद्धा टिकली, कारण साधनहीन एतद्देशीय धर्मगुरू आणि घराघरांतली संध्याकाळची प्रार्थना यांनी ती टिकवली. अंधेरीच्या सीप्झ परिसरात आज संत योहानाच्या सोळाव्या शतकातल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. वस्तीसह मंडळी मरोळला गेली आणि इमारत मागे राहिली. राजाश्रय, जमीन आणि वास्तू गेल्यावरही जे उरले ते येथील चर्चचे खरे भांडवल होते.

याच भूमीत उलट उदाहरणही आहे. पोर्तुगीज राजाला धर्मगुरू नेमण्याचा जो अधिकार पोपने दिला होता त्याला पाद्रुआदो म्हणत, आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाच्या थेट अंमलाला प्रोपगंडा म्हणत. या दोन अधिकारांत मुंबईची चर्चे 1794 पासून विभागली गेली आणि कोणत्या चर्चवर कोणाचा हुकूम चालावा याचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालले. 1853 मध्ये माहीमच्या संत मायकल चर्चवरून ते इतके विकोपाला गेले की प्रोपगंडा पक्षाचे बिशप हार्टमन चर्चमध्येच अडकून पडले आणि नागरी अंमलदारांना मध्ये पडावे लागले. रोम व पोर्तुगाल यांच्यातील 1886 च्या करारानंतर साष्टीतली चर्चे दमणच्या धर्मप्रांतात गेली, 1928 मध्ये ती मुंबईला जोडली गेली, तेव्हा कुठे ही दुहेरी सत्ता संपली. या दीर्घ काळात विद्वान धर्मगुरूंची बुद्धी अधिकारपत्रांचा अर्थ लावण्यात खर्च झाली. दोन्ही पक्षांना आपण सत्यासाठी लढत आहोत असेच वाटत होते, आणि आज चर्चच्या मालमत्तेवरून न्यायालयांत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या विश्वस्तांनाही, मग ते कोणत्याही पंथाचे असोत, तसेच वाटत असते. त्यांनी हा इतिहास एकदा शांतपणे वाचावा, ही विनंती आहे.

आता वर्तमानाविषयी. उपनगरांत जमिनीचे मोल वाढत गेले तसे धर्मगुरूचे काम नकळत बदलले. ज्या चर्चच्या आवारात शाळा, सभागृह आणि मोकळे मैदान आहे, तिथल्या मुख्य धर्मगुरूला शाळेचे प्रवेश, सभागृहाच्या तारखा, डागडुजीचे कंत्राट, महापालिकेच्या परवानग्या आणि गावठाणातल्या जुन्या घरांच्या पुनर्विकासाचे प्रश्न हाताळावे लागतात, आणि त्याचा दिवस त्यातच जातो. हा दोष त्या माणसाचा नाही, कारण हे काम कोणीतरी करायला हवेच. परंतु प्रवेशाची चिठ्ठी आणि सभागृहाची तारीख ज्याच्या हाती असते त्याच्याशी लोक वेगळ्या स्वरात बोलू लागतात, त्या स्वराची सवय लागते, आणि ज्याला काहीच मागायचे नाही, फक्त बोलायचे आहे, असा माणूस कार्यालयाच्या वेळांमध्ये बसत नाही. पत्नी गेल्यावर एकटा राहिलेला निवृत्त गिरणी कामगार, नोकरी गेल्याचे घरात न सांगितलेला तरुण, आंतरधर्मीय विवाहामुळे चर्चमध्ये यायला बिचकणारी मुलगी, यांच्यासाठी सेवाकार्य अस्तित्वात आहे. म्हणून पहिली विनंती अशी की मालमत्ता, शाळा आणि बांधकाम यांचा दैनंदिन कारभार जाणकार व उत्तरदायी सामान्य सभासदांकडे सोपवावा आणि धर्मगुरूने घरभेटी, रुग्णभेटी व पापनिवेदन ऐकणे यांसाठी आठवड्यातले निश्चित तास राखून ते जाहीर करावेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी अन्नवाटपाचे काम सात विश्वासू माणसांकडे दिले ते याच विचाराने, आणि तिथेही विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आल्यावरच ही व्यवस्था सुचली, हे विसरू नये.

दुसरी बाब पैशाची आहे आणि तिच्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण मंडळीचा विश्वास सर्वांत जास्त येथे झिजतो. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या संहितेत, प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रात, वित्त समिती असणे कलम 537 नुसार बंधनकारक आहे. कलम 1287 श्रद्धावंतांनी चर्चला दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना देण्यास सांगते. कलम 848 संस्कारांसाठी ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांना मुकू नये असे बजावते. आणि कलम 282 धर्मगुरूंनी साधे जीवन जगावे अशी अपेक्षा ठेवते. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या चर्चांना 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. अर्थात नियम पुरेसे आहेत. उणीव आहे ती हिशेब समजेल असा मांडण्याची. वार्षिक सभेत काही मिनिटांत वाचून दाखवलेली आकड्यांची यादी कायद्याची अट पूर्ण करते, पण घाटकोपरच्या चाळीतून दर रविवारी थैलीत नोट टाकणाऱ्या घरकामगार बाईला आपल्या पैशाचे काय झाले हे त्यातून कळत नाही. तिला समजेल अशा मराठीत, हिंदीत, कोकणीत किंवा तमिळमध्ये, चर्चच्या दाराशी लावलेल्या एका कागदावर, किती आले, गरिबांवर किती गेले, इमारतीवर किती गेले आणि धर्मसेवकाच्या निवासावर व वाहनावर किती गेले, एवढे दर तिमाहीला लिहिले जावे. हा कागद लावण्यास जिथे संकोच वाटेल तिथे तो संकोचच तपासण्याजोगा आहे.

पैसा आणि सेवा यांच्या नात्याचा मराठी ख्रिस्ती समाजात सर्वांत खोल विचार नारायण वामन टिळकांनी केला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने पुढे दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि 1917 मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग केला. मिशनशी भांडण हे त्याचे कारण नव्हते. पगारी प्रचारक बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दामागे नोकरी दिसते आणि ख्रिस्त दिसत नाही, ही जाणीव त्यांना वर्षानुवर्षे टोचत होती. साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार या नावाने जे बंधुत्व आरंभले त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. 1919 मध्ये ते वारले आणि संस्था म्हणून दरबार फार पुढे गेला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रातून दिसणारे टिळकांचे संसारातले वागणे अनेकदा घरच्यांना जड गेले, हेही मान्य केले पाहिजे, कारण त्यागाचा भार बहुधा त्याग करणाऱ्याच्या घरातल्या बाईवर पडतो. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न आज बोरिवली व मुलुंडमध्ये उभा आहे. प्रत्येक पाळकाने पगार सोडावा असे कोणी म्हणणार नाही, आणि लहान मराठी मंडळ्यांतल्या पुष्कळ पाळकांना तर आजही वेळेवर व पुरेसा पगार मिळत नाही, ही वेगळी व गंभीर लाज आहे. परंतु आपल्या शब्दामागे ऐकणाऱ्याला काय दिसते, हे प्रत्येक धर्मसेवकाने टिळकांप्रमाणे स्वतःला विचारलेच पाहिजे.

या संदर्भात स्वतंत्र मंडळ्या चालवणाऱ्या पास्टरांशीही स्पष्ट बोलणे भाग आहे. भाड्याच्या सभागृहांत, शाळांच्या वर्गांत आणि चाळींतल्या खोल्यांत जमणाऱ्या या मंडळ्यांनी जुन्या चर्चांनी दुर्लक्षिलेल्या माणसांना नावाने ओळखले, दारूत बुडालेली घरे सावरली, आणि हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. पण जिथे सभेच्या फलकावर ख्रिस्तापेक्षा वक्त्याचे छायाचित्र मोठे असते, जिथे दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देण्याला व्यवसायातील बरकतीचे आश्वासन जोडले जाते, आणि जिथे बरे न झालेल्या रुग्णाला तुझा विश्वास कमी पडला असे सांगितले जाते, तिथे सेवाकार्याचा उद्देशच पालटतो. कर्करोगाच्या रुग्णाने औषध थांबवावे असे सुचवणे हा तर थेट अपराध आहे. नम्रतेच्या आड येणाऱ्या पदव्यांविषयी, मग त्या कोणत्याही पंथातल्या असोत, एवढेच पुरे आहे की 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांतीय धर्मगुरूंना पासष्टीपूर्वी मॉन्सिन्योर ही मानाची पदवी देणे बंद केले. उपनगरांतल्या नावांमागे वाढत चाललेल्या उपाध्यांनाही अशीच मर्यादा लागावी.

तिसरी मागणी भाषेविषयी आहे आणि ती नम्रतेशी जितकी निगडित आहे तितकी वरवर दिसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी केली. उपनगरांच्या मूळच्या ईस्ट इंडियन समाजाची, म्हणजे 1887 मध्ये हे नाव घेतलेल्या साष्टी व मुंबईच्या स्थानिक कॅथलिकांची, घरची बोली मराठीच आहे. नगर व मराठवाड्यातून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप भागांत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची भाषाही मराठी आहे, आणि यांतली पुष्कळ कुटुंबे दलित आहेत, ज्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत आणि चर्चमध्येही पुढची बाके सहज मिळत नाहीत. अशा मंडळीला मराठी उपासनेसाठी अडनिडी वेळ मिळणे आणि चर्च समितीच्या बैठका इंग्रजीतच होणे याचा अर्थ त्यांना व्यवस्थित समजतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते फारसे शिक्षण न मिळालेल्या बायकांना कळावे म्हणून सोप्या भाषेत आणले, आणि त्याची जुळणी व छपाई तिथल्याच निराधार स्त्रियांच्या हातून करवून घेतली. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या हेच काम करत होत्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहून आणि हरित वसईच्या, म्हणजे तिथला निसर्ग वाचवण्याच्या, लढ्यात लोकांबरोबर उभे राहून तोच वारसा आपल्या काळात चालवला. या दोघांचे फोटो चर्चच्या सभागृहात लावण्यापेक्षा, मराठी मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, रविवारी सकाळची योग्य वेळ देणे आणि इतर भाषांतून आलेल्या धर्मगुरूंनी मनापासून मराठी शिकणे, हा त्यांचा अधिक खरा सन्मान ठरेल.

धर्मभगिनींविषयी फार थोडे लिहिले जाते, म्हणून येथे त्यांचा उल्लेख मुद्दाम करायचा आहे. अंधेरीच्या होली स्पिरिट रुग्णालयात आणि वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात, म्हणजे 1986 मध्ये सुरू झालेल्या, मरणासन्न कर्करुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या देशातल्या पहिल्या हॉस्पिसमध्ये, सिस्टरांचे जे काम चालते त्यात नम्रता शिकवावी लागत नाही. सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासाइतक्याच गांभीर्याने काही महिने अशा ठिकाणी, सिस्टरांच्या हाताखाली, रुग्णांची अंथरुणे बदलत घालवावेत, आणि त्यांच्या अभिषेकाआधी, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा मिळण्याआधी, त्या सिस्टरांचे लेखी मत विचारले जावे. आज धर्मगुरू घडवण्याच्या प्रक्रियेत ज्यांची सेवा आयुष्यभर पाहिली जाते त्यांनाच मत विचारले जात नाही, ही गोष्ट न्याय्य नाही.

शेवटची तक्रार ऐकून घेण्याविषयी आहे. मुंबई महाधर्मप्रांतात 1980 च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूहांची, म्हणजे शेजारच्या कुटुंबांनी घरात जमून वचनावर विचार करण्याची, चांगली पद्धत रुजली, आणि 2021 ते 2024 या काळात चाललेल्या सिनॉडने, म्हणजे एकत्र चालण्याच्या जागतिक विचारप्रक्रियेने, लोकांचे ऐकावे असा आग्रह धरला. तरीही धर्मग्राम समितीचे मत सल्ल्यापुरतेच राहते आणि तो सल्ला का नाकारला याचे कारण बहुधा सांगितले जात नाही. प्रोटेस्टंट चर्चांत समितीला अधिकार आहेत, तिथे व्याधी वेगळी आहे, ती म्हणजे निवडणुकांतल्या गटबाजीची, आणि तिच्यात पाळकच एका गटाचा होऊन बसतो. दोन्हीकडे उपाय एकच सुचतो : प्रत्येक निर्णयाचे कारण लेखी द्यावे, विरोधात बोललेल्या सभासदाला पुढच्या बैठकीचे निमंत्रण सर्वांत आधी जावे, आणि धर्मसेवकाच्या कामाचे मूल्यमापन दर दोन वर्षांनी मंडळीकडून, विशेषतः तिच्यातल्या गरीब व एकट्या माणसांकडून, व्हावे.

1964 च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे युखरिस्ट परिषदेसाठी मुंबईत आले, तेव्हा त्यांना प्रवासासाठी दिलेली मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली आणि मदर तेरेसांनी तिच्यातून कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी पैसा उभारला. आपल्या चर्चच्या आवारातही अशी काही वस्तू, जागा किंवा हक्क असेल जो सोडून दिल्यास गरिबाच्या उपयोगी पडेल. तो कोणता, हे येत्या आगमनकाळाआधी, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांआधी, प्रत्येक चर्चच्या समितीने ठरवावे व मंडळीला लेखी कळवावे. तिमाही हिशेबाचा पहिला कागदही त्याच सुमारास दाराशी लागावा. या पत्रातील कोणती मागणी अव्यवहार्य वाटते आणि का, हेही कृपया तितक्याच उघडपणे सांगावे. मंडळी ते ऐकून घेण्यास बांधील आहे.

आपल्या सेवेविषयी आदर बाळगणारा,

उपनगरांतील मराठी मंडळीचा एक सभासद
बोरिवली, मुंबई